साडूंच्या दोन गाड्या

दोन वस्तूंपैकी एक निवडायला माझ्या थोरल्या साडूंना सांगणं म्हणजे त्या दोन्ही वस्तूंना कायमचं मुकणं. छत्री घ्यायला जातात, दुकानात दोन उघडून तासभर उभे राहतात आणि भिजत घरी येतात. थोरल्या मेहुणीला बघायला आले तेव्हाही "धाकटीला जरा शेजारी उभी करा, अंदाज येतो," म्हणाले होते. ती धाकटी आज माझी बायको आहे आणि ते वाक्य ती अजून विसरलेली नाही.

अशा माणसाने जुनी छोटी गाडी घ्यायचं मनावर घेतलं, ते सासूबाईंसाठी. त्या डोळखांबकडच्या पाड्यावर राहत. कंबर गेलेली, जीपचे हिसके सोसत नव्हते, आणि थोरल्या लेकीचं शहापुरातलं नवं घर एकदा बघायचं एवढीच त्यांची इच्छा होती. "जावय गाडी घेतोय, मंग जायन मी," असं त्यांनी अख्ख्या पाड्याला सांगून ठेवलं होतं.

एक पांढरी गाडी शहापुरात होती, एक लाल मुरबाडला. मी स्कूटर चालवायची आणि साडूंनी मागे तांदळाची गोणी धरून बसायचं, कारण डिकीत वजन ठेवल्याशिवाय गाडी कळत नाही असं त्यांचं ठाम मत. इंजिन सुरू करून ते बॉनेटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवत आणि किती सांडतं ते बघून गंभीर होत. मग मालकाला गाडी चालवायला लावून स्वतः मागच्या सीटवर सासूबाईंसारखे वाकून बसत आणि प्रत्येक खड्ड्याला "आई गं" म्हणून कण्हत. मुरबाडचा मालक बिचारा गाडी दवाखान्याकडे वळवायला लागला होता. "कण्हल्याशिवाय कसा कळनार रे?" साडू मला म्हणाले. पण मुरबाडला पोचेपर्यंत ते पांढरी विसरलेले असायचे. पुन्हा शहापूर, पुन्हा गोणी! माझी स्कूटर आणि मी, दोघंही खिळखिळे झालो.

शेवटी मी दोन्ही मालकांच्या हातापाया पडून गाड्या मधल्या वाटेवर, किन्हवलीला एकत्र आणवल्या. आता साडूंची एक रीत अशी, की मालकासमोर त्याच्या गाडीला नाव ठेवायचं नाही, मन दुखावतं. त्यापेक्षा दुसरीचं कौतुक करावं. भर उन्हात ते पांढरीवाल्याला लालचे आणि लालवाल्याला पांढरीचे गुण इतके मनापासून सांगत राहिले, की दुपारी त्या दोघांनी आपसातच अदलाबदल केली आणि एकमेकांच्या गाड्या घेऊन निघून गेले. मी डोक्याला हात लावून रस्त्याच्या कडेला बसलो.

"पन बघितलास ना," साडू म्हणाले, "दोनी चांगल्याच होत्या."

भातकापणीच्या सुमाराला सासूबाई शहापूरला आल्या, पण ॲम्ब्युलन्समधून, दवाखान्यात. साडू खाटेजवळ मान खाली घालून उभे होते. "आई, दोन बघितल्यान. ठरवतोय."

सासूबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "ठरव रे सावकास. घाय नको करू."

त्या घर न बघताच गेल्या. मला साडूंचा इतका राग आला, की महिनाभर मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. मग कळलं, त्यांनी गाडी घेतली. निळी. खरमरीत बोलायचं ठरवूनच गेलो, तर ते मला तिच्यातून फेरी मारायला घेऊन निघाले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"काय म्हाईत. बघितली नाय मी नीट. कोनासाठी बघायची?"

किन्हवली येईपर्यंत ते प्रत्येक खड्ड्याला गाडी अगदी हळू करत होते, मागच्या सीटवर कोणी वाकून बसल्यासारखी.