शिक्खा

हल्ली म्हणे कॅमेराच गाडीचा फोटो काढतो आणि दंड घरपोच येतो. आमच्या वेळी कलकत्त्यात सार्जंटची नजर हाच कॅमेरा. गार्डन रीचच्या रस्त्यावर अशाच एका पांढऱ्या गणवेशातल्या सार्जंटनं आमची स्कूटर अडवली आणि भरधाव चालवल्याबद्दल चलान फाडलं. भरधाव! एका मराठी कुटुंबाकडे जेवायला निघालो होतो आणि मी मागे कढीचं पातेलं मांडीवर धरून बसले होते. एरवीसुद्धा आमचे हे स्कूटर अशी चालवत की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात.

दंड भरा आणि मोकळे व्हा, असं जो तो सांगत होता. पण ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, बढती तोंडावर आलेली. गुन्हा कबूल केला आणि ऑफिसात कळलं तर, ह्या धास्तीनं ह्यांनी केस लढवायचं ठरवलं. साक्षीदार मी. माझा जन्मच कलकत्त्याचा, बंगाली मला माहेरच्यासारखं. हे पुण्याहून बदलून आलेले; बाजारात भाव विचारण्यापलीकडे ह्यांचं बंगाली गेलंच नव्हतं. त्यावरून मी ह्यांना फार चिडवायची.

कोर्टात मी शपथ घेऊन ठसक्यात सांगितलं की साडीवर कढीचा थेंबसुद्धा सांडला नाही, मग वेग कसला? सार्जंटची बोबडी वळली. मॅजिस्ट्रेट वयस्क आणि भले होते. केस सोडून द्यायच्या बेतातच ते ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "शिक्खा तो होलो. एबार बाडी जान." म्हणजे, कोर्टाची पायरी चढून धडा मिळाला, आता घरी जा.

बंगालीत शिक्खा म्हणजे शिकवण. ह्यांच्या कानाला ऐकू आली ती आपली मराठी शिक्षा. मी काही सांगणार तोच हे हात जोडून हिंदीत बोलू लागले, "गलती हो गया साब! मैं ही जोर से चला रहा था. शिक्षा मत दीजिए!"

एवढा शिकलेला सरकारी अधिकारी शिक्षण देऊ नका म्हणून गयावया करतोय, ह्यावर सगळं कोर्ट खो खो हसलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मॅजिस्ट्रेट मात्र हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तबे आपनि की बोललेन, मा?" मग तुम्ही काय सांगितलंत, आई?

बंगालीत वडीलधारी माणसं लेकीच्या वयाच्या बाईलाही मायेनं 'मा' म्हणतात; त्या 'मा'नं मी घायाळ झाले. शपथेवर खोटं बोलणारी बाई म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मला ह्यांची भयंकर लाज वाटली, आणि राग तर त्याहून. मी बंगालीत ताडकन म्हणाले, "मी खरंच सांगितलं. हे भीतू आहेत, घाबरून काहीही बोलतात."

मॅजिस्ट्रेटनी मान हलवली. पण कबुली लिहून झाली होती, दंड झाला.

बाहेर आल्यावर मी ह्यांना शिक्खाचा अर्थ सांगितला.

"म्हणजे मी सुटलोच होतो?"

"हो."

ह्यांनी स्कूटरला किल्ली लावली. मग विचारलं, "शेवटी तू त्यांना काय म्हणालीस?"

"तुमच्या वतीनं माफी मागितली."

"भीतू म्हणालीस ना? भीतू म्हणजे भित्रा?"

नवऱ्याला भर कोर्टात, त्याला न कळणाऱ्या भाषेत मी काय म्हणाले होते ते आता कुठे माझं मला ऐकू आलं. "छे हो," मी म्हणाले, "बंगालीत त्याचा अर्थ वेगळा होतो."

"असेल," हे म्हणाले. "मला कुठं बंगाली येतं."