सेक्रेटरीच्या घरची पाहुणी

अख्तरुन्निसा आपा माझी थोरली बहीण. जन्म श्रीवर्धनचा. लग्न होऊन केपटाऊनला गेली त्याला चाळीस वर्षं झाली, त्यामुळे पासपोर्ट तिकडचा. फेब्रुवारीत माझ्या मुलाच्या, जुनैदच्या लग्नाला कामोठ्याला आली ती असा बेत करून, की इथूनच इंग्लंडचा व्हिसा काढायचा आणि थेट बर्मिंगहॅम गाठायचं. तिथे तिची लेक हुदा, पहिल्या खेपेची. आमच्यात पहिलटकरीण माहेरी येते. हुदाला येणं जमेना, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं होतं. डॉक्टरने पंचवीस एप्रिल सांगितली होती.

मार्चमध्ये अर्ज दिला, पासपोर्ट त्यांच्याकडे जमा झाला, आणि मग बसा वाट बघत.

बसायचं ते मी. आपा कसली बसतेय! नाश्ता झाला की पर्स काखेत, पायात चपला. "चल नजीब. घरात बसून अंडी उबवतोस काय?" बेलापूरला जाऊन मेट्रोत बसायचं, थेट पेंधरपर्यंत जायचं, उतरायचं, आणि त्याच गाडीने परत. काम काही नाही! "वीस-तीस रुपयांत थंड हवा, वर खारघरचे डोंगर. आणखी काय पायजे तुला?" संध्याकाळी नेरूळच्या खाडीवर फ्लेमिंगो, तिथे तर तिकीटही नाही. केपटाऊनलाही असतात म्हणे, पण तिथल्या वाऱ्यात उभं राहवत नाही. येताना लिंबू पिळलेला उसाचा रस, आणि कागदाच्या पुडीतून शेंगदाणे. त्यातली अर्धी पुडी गेटवरच्या वॉचमनला, कान्हाला. सोसायटीत तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला आफ्रिकावाल्या आपा म्हणायचे.

माझा स्वभाव असा नाही. मला वाट बघायची तर नीट बघायची असते. मी सोसायटीचा सेक्रेटरी, शिस्तीचा माणूस. डिसेंबरात कुणाचं तरी पार्सल भलत्याच माणसाने नेलं, तेव्हा मीच नियम काढला: रजिस्टरात घरच्यांची नावं असतातच, पाहुणा आला की त्याचंही लिहायचं. कुरियरवाल्याने सांगितलेलं नाव त्यात नसेल तर त्याला गेटवरूनच परत पाठवायचं. लोक कुरकुरले. मी मीटिंगमध्ये आवाज चढवून नियम पास करून घेतला.

बुधवारी ईमेल आला, की पासपोर्टचं पाकीट कुरियरने निघालं. घरातल्या कुणीही घेतलं तर चालणार होतं. गुरुवारी आपाला म्हटलं, आज तरी थांब. ती म्हणाली, "इथे बसले तर जीव जाईल माझा," आणि गेली मेट्रोत. मी दिवसभर दाराला कान लावून बसलो. लिफ्ट वाजली की उठायचो. जेवण गेलं नाही. संध्याकाळी सात वाजता फोनवर बघितलं: या नावाची व्यक्ती पत्त्यावर नाही, पाकीट परत.

डोकं असं फिरलं! धाडधाड खाली गेलो आणि कान्हावर ओरडलो.

"साहेब, मी रजिस्टर बघितला," तो म्हणाला. "अख्तरुन्निसा नावाचं कोण नाय त्यात. तुमीच बोलले होते ना, नाव नसेल तर सेक्रेटरीचा बाप आला तरी सोडायचा नाय?"

रजिस्टर ओढून घेतलं. आमच्या फ्लॅटपुढे घरच्यांची नावं होती, जुनैदच्या नव्या बायकोचंसुद्धा. आपाचं तेवढं नव्हतं. आख्ख्या बिल्डिंगला मी पाहुण्यांच्या नोंदीसाठी पिडलं, पण माझ्या घरची नोंद मला कोण मागणार! कुरियरवाल्याने अर्जावरच्या नंबरवर फोन केला असणार, तर तो आपाचा आफ्रिकेचा नंबर, इथे बंदच. पुढे गुड फ्रायडे, शनिवार, रविवार, आणि सोमवारी इंग्लंडवाल्यांची ईस्टरची सुट्टी. पाकीट आता मंगळवारी, तेही व्हिसाच्या ऑफिसात स्वतः जाऊन.

आपाला सांगायची हिंमत झाली नाही. "सुट्ट्या लागल्या, मंगळवारी मिळेल," एवढंच बोललो. तिने मान हलवली. आणि शुक्रवारी नमाजनंतर मला म्हणाली, "चल." या वेळी नाही म्हणायला तोंड नव्हतं. शुक्रवारी खाडी, शनिवारी मेट्रो, रविवारी भर दुपारी सेंट्रल पार्कची अख्खी फेरी. ती शेंगदाणे खायची, मी आतल्या आत जळायचो. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज गिळायचो.

सोमवारी बेलापूरला रसाच्या गाडीपाशी माझा फोन वाजला. हुदाचा नवरा तबरेज होता. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. चार दिवस आधीच. आपाने फोन घेतला, हसली, दुवा दिल्या, हुदाला विचारलं, "एकटीच होतीस?" पलीकडून काय आलं मला कळलं नाही. आपाने रसाचा ग्लास गाडीवर ठेवून दिला, भरलेलाच.

मग मला राहवेना. "आपा, माझ्यामुळे झालं हे. पाकीट गेटवर आलं होतं."

"माहीत आहे. गुरुवारीच कान्हाने सांगितलं. रडत होता बिचारा. त्याला बोलू नकोस."

"मग मला शिव्या का नाही दिल्यास?"

"देतेय की. चार दिवस मनातल्या मनात देतेय. घरात राहिले असते तर तोंडातून निघाल्या असत्या, म्हणून बाहेर काढलं तुला. पोरीचा हात धरायचा होता रे मला. तेवढंच काम होतं माझं."

मी रसाचे पैसे दिले.

परत आलो तेव्हा गेटवर थांबलो. कान्हाकडून रजिस्टर मागून घेतलं, आणि आमच्या फ्लॅटपुढे तिचं पूर्ण नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात होतं, किती दिवस राहणार. तिथे पेन अडलं.

"लिही," आपा मागून म्हणाली. "ठरल्यापेक्षा पाच दिवस जास्त."

मी लिहिलं.