रावणाच्या मांड्या

समस्त रसिक मायबापांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की, लंकाधिपती दशानन महाराज शौचकूपात बसले असता त्यांना उठता न आल्यामुळे यंदाचे सीताहरण त्यांच्या हातून होणार नाही!

हे महाराज म्हणजे मी. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती. आमच्या पेडण्यातल्या गावात घरी कोकणी आणि देवळाच्या वर्धापनाला मराठी नाटक, ही वाटणी कोणी न सांगता ठरलेली. मी एरवी पाळी गावच्या खाणीवर कारकून, वैशाखात रावण. सीता म्हणजे माझा बालमित्र, खनिजाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर; नाटकापुरती मिशी काढायचा. त्याला खांद्यावर टाकून मी रंगमंचाला अख्खी फेरी मारायचो. शिट्ट्यांनी मांडव फाटायचा.

त्या वर्षी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली होती. वर खोकला झाला म्हणून म्हापशाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. दोन-चार दिवसांत मांड्या ठणकू लागल्या. तालमीत सीतेला उचलताना गुडघे लटपटले.

"उंडे पाव खाऊन फुगलास रे!" मी ओरडलो.

"मी होतंय तितकोच आसंय. रावण म्हातारो झालो!"

लघवी काळ्या चहासारखी झाली तेव्हा बायकोनं निदान केलं, "कोकमाचं सरबत तांब्यातांब्यानं ढोसता, आणखी काय होणार?" मलाही पटलं. मांड्यांना खोबरेल चोळून पुन्हा तालमीला गेलो. मग ती वर जाहीर केलेली सकाळ उजाडली.

पणजीच्या इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या गोळ्या पाहिल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. त्या अँटिबायोटिकमुळे कोलेस्टेरॉलची गोळी अंगात साठत गेली, स्नायू फुटून रक्तात उतरले आणि मूत्रपिंडांवर आले. तो रंग कोकमाचा नव्हता, माझ्याच मांड्यांचा होता. दोन्ही गोळ्या बंद झाल्या, सलाइनच्या बाटल्या चढल्या आणि मूत्रपिंडं वाचली.

"आणि पाय?"

"चालाल हळूहळू. वजन उचलण्याचं आज काही सांगत नाही."

नाटक माझ्याविना झालं. खाटेवर पडून मी छताकडे बघत असे. तोंडाला फासलेल्या सफेद्याचा वास, पेट्रोमॅक्सची ऊब, खांद्यावर पालथं पडून "सावकाश रे, पाडशील" म्हणून पुटपुटणारी ती दांडगी सीता. ते ओझं पुन्हा एकदा खांद्यावर यावं म्हणून जीव तुटत होता, आणि इथे पांघरुणाखालचा पाय वीतभर उचलत नव्हता.

नाटकानंतर मित्र भेटायला आला. भुवयांना अजून काजळ होतं.

"नवा रावण कसा होता?" मी विचारलं.

"बरो. पण उचलताना माका 'सॉरी' म्हणालो."

हसता हसता माझे डोळे भरले. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझं संपलं रे. तुला उचलणं आता या जन्मी नाही."

तो ताडकन उठला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा गरजला, "मगे तू बसान रावण कर! मी आपणच चलान येतंय लंकेक!"