टाचणीताई आणि कंडक्टरचा आवाज

टाचणीताईंना खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. आमच्या विभागात नवजात बाळांच्या टाचेतून तपासणीचं रक्त काढायचं काम त्यांचं, म्हणून टाचणीताई. हात असा हलका की बघत राहावं. पण बाईंना एक खोड होती, 'का?' विचारायची. बाळ रडलं तर का, नाही रडलं तरी का! मी त्यांच्या हाताखालची नर्स. माझं डोकं उठायचं.

टोचताना आईला बाहेर काढायची आमची पद्धत. एकदा त्या म्हणाल्या, "का काढायचं? आईचा आवाज कानावर पडला तर पोर कमी रडतं का, बघू या की." तेव्हापासून आया आत थांबू लागल्या. ताई घड्याळ बघून रडण्याचे सेकंद हातमोज्यांच्या खोक्यावर लिहायच्या. मला तो रिकामटेकडेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण आकडे उतरत गेले.

मग ती बसकंडक्टर आली, सातव्या महिन्यातच बाळंत झालेली. काचेच्या पेटीतलं मूठभर पोर टोचलं की रडून रडून निळं पडायचं, ऑक्सिजन वाढवावा लागायचा. ताई सगळ्या आयांना सांगायच्या तेच त्यांनी तिलाही सांगितलं, "अगदी हळू, गोड बोल." ती बिचारी "सोनुल्या, राजा" असं कुजबुजायची. पोराला ढिम्म फरक नाही.

चौथ्या दिवशी ती दारातच अडली. "मी नाही येत, ताई. तो मला ओळखतच नाही."

मला भरून आलं. ताई मात्र खोक्याकडे बघत उभ्या. "सगळ्यांचं उतरतं, हिचंच का नाही?" मग एकदम वळल्या. "काय गं, कामावर कधीपर्यंत जात होतीस?"

"आदल्या दिवसापर्यंत."

"आणि गाडीत अशीच कुजबुजायचीस?"

"कुजबुजले तर ऐकतंय कोण, ताई?"

ताईंनी कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं बघ! त्या पोराला मी भलत्याच बाईचा आवाज ऐकवतेय. चल आत, रोजचं बोल."

"इथं? डॉक्टर हाकलतील मला!"

"आधी मला हाकलतील. घसा ताणू नकोस, पण ठसक्यात बोल."

ती लाजली, खाकरली, पेटीशी वाकली. "चला, पुढं सरका! दारात गर्दी नको! उतरणारे आधी उतरू द्या!"

ताईंनी टोचलं. पोरानं तोंड वाकडं केलं, टाहो फोडला आणि मध्येच थांबलं. डोळे किलकिले करून पडून राहिलं. आई रडत रडत स्टॉपची नावं घेत होती, आणि ताई शांतपणे रक्त काढत होत्या.

"नऊ सेकंद," ताई म्हणाल्या. "काल किती होते?"

"एकशे दहा," मी म्हणाले. खोक्यावरचा आकडा मी दोनदा वाचला.

आईला आकड्यांचं काही पडलेलं नव्हतं. तिनं माझा हात घट्ट धरला. "सिस्टर, ओळखलं ना त्यानं मला? खरं सांगा."

"ओळखलं गं बाई, ओळखलं."

"मग आता बाहेर कोण जातंय!" म्हणत तिनं माझं स्टूल ओढलं आणि पेटीला चिकटून बसली.