सगळी बटणं पुढे

दाजी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होता. दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ त्याला दाजी म्हणायचा, ते ऐकून शेजारची टेलरबाई म्हणायला लागली, आणि बघता बघता तो सगळ्या गल्लीचाच दाजी झाला. काम असं, की रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब चावी आत उतरवायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. पण एकदम नाही. पाव फेरा झाला की थांबायचं, पाण्याचा आवाज ऐकायचा, मग पुन्हा पाव फेरा. जुन्या पाइपात पाणी एकदम सोडलं की दणका बसतो आणि कुठला तरी जोड निखळतो. नवा असताना त्याने एकदाच घाई केली होती, तर एका दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. त्या दिवसापासून या माणसाने आयुष्यात काहीच एकदम केलं नाही.

हे कामापुरतं असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण हा घरचा नळही तसाच उघडायचा. भाजीत चिमूटभर मीठ टाकायचा, चाखायचा, पुन्हा चिमूटभर. लग्नाच्या वेळी "विचार करून सांगतो" हे पालुपद त्याने इतकं लांबवलं की शेवटी मुलीनेच विचारलं, "अहो, मी म्हातारी झाल्यावर सांगणार का?"

दर शनिवारी दुपारी मेहुण्याच्या घरी पोकरचा अड्डा जमायचा. दाजी, त्याची बायको, मेहुणा आणि टेलरबाई. पैसे नाहीत, टेलरबाईने आणलेली जुनी बटणं प्रत्येकाला सारखी वाटायची. हातात दोन पानं, टेबलावर एकेक करून उघडणारी पाच, आणि ज्याची जुळणी मोठी त्याची बटणं. खेळ मर्यादेतला होता, म्हणजे एका वेळी दोनच बटणं वाढवता यायची. दाजीला हा खेळ अंगच्या सदऱ्यासारखा बसला होता. दोन बटणं टाकायची, पुढचं पान बघायचं, पुन्हा दोन. फार जिंकायचा नाही आणि फार हरायचाही नाही. त्याला जिंकायचं नव्हतंच मुळी. त्या टेबलावर बायको हसायची. डोकं मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी ती अशी हसत नसे. त्या हसण्यासमोर बसायला मिळावं म्हणून दाजी आठवडाभर शनिवारची वाट बघायचा, पण हे तो कोणाला कशाला सांगेल!

मग मेहुण्याच्या अंगात आलं. त्याला त्या दोन-दोन बटणांचा कंटाळा आला होता. "आजपासून मर्यादा रद्द," त्याने जाहीर केलं. "ज्याला जेवढं लावायचं तेवढं लावा, हवं तर सगळं. बटणं संपली की टेबलावरून उठायचं. आणि बटणं शिल्लक असताना मध्येच उठायचं नाही. दिवे लागले की डाव मोडायचा."

पहिल्याच दुपारी दाजीला दोन एक्के आले. त्याने नेहमीसारखी दोन बटणं सरकवली. टेबलावर पानं उघडली, पुन्हा दोन. बायकोच्या हातात बदामाची दोन फुटकळ पानं होती, पण दोन बटणांत पुढचं पान बघायला मिळतंय म्हटल्यावर ती पानं टाकून डाव कशाला सोडते? शेवटचं पान बदामाचं निघालं, तिचे पाच बदाम जुळले आणि तिने सगळी बटणं पुढे केली. "बघून तर घेऊ," दाजी म्हणाला. जुन्या खेळात समोरच्याची पानं बघायला दोन बटणं पडायची. इथे सगळी पडली.

त्याला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं. आत डाव रंगला, बायको खदखदून हसली, आणि कशावर हसली ते दाजीला कळलं नाही. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मेहुणा त्याला सरळ कच्चा लिंबू म्हणायला लागला. दाजी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकाला येरझारा घालायचा, कठड्यावर बोटं वाजवायचा, पडद्याआडून बघायचा आणि पुन्हा चालायला लागायचा. कामावरही चित्त लागेना. एकदा व्हॉल्व्ह सोडून तसाच पुढे गेला आणि अर्ध्या रस्त्यातून धावत परत आला. त्याला बायकोचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा, आणि ती आपल्यावाचून इतकी मजेत असते हे काही केल्या मनातून जाईना.

शेवटी पँट आखूड करून घ्यायच्या निमित्ताने त्याने टेलरबाईला गाठलं. "माझं चुकतं कुठे?"

"दाजी, तुम्ही चांगलं पान हातात घेऊन सगळ्यांना फुकटात आत घेता," तोंडातल्या टाचण्या काढत ती म्हणाली. "दार लावा की! पुढचं पान बघायचं असेल तर त्यांच्या खिशाला झळ बसली पाहिजे."

त्या शनिवारी दाजीच्या हातात दोन राजे आले. टेबलावर तीन पानं उघडली, त्यात तिसरा राजा. पण दोन बदामही होते. मेहुणा आणि टेलरबाईने पानं टाकली. समोर उरली बायको. दाजीचा हात सवयीने दोन बटणांवर गेला. दोनच लाव, ऐक, मग पुन्हा दोन लाव, असं सगळं अंग सांगत होतं. त्याने डोळे मिटले आणि दोन्ही तळहातांनी सगळी बटणं पुढे ढकलली.

मेहुण्याने तोंडाचा आ केला. बायकोने नवऱ्याकडे नीट बघितलं. तिच्याकडे त्याच्याहून थोडी कमी बटणं होती, आणि हातात एक्क्याची जोडी. एरवी तिने दहादा विचार केला असता. पण या माणसाला ती ओळखून होती.

"अहो, कोणाला घाबरवताय?" ती हसत म्हणाली. "तुम्ही मीठ टाकताना चारदा चाखता. बघते मी."

उरलेली दोन पानं उघडली. तिला काही मिळालं नाही. दाजीने तीन राजे मांडले.

ती हसली नाही. "बरं," एवढंच म्हणाली, खुर्ची मागे सारली आणि गॅलरीत गेली.

दाजीला हवी ती खुर्ची मिळाली होती. आता दिवे लागेपर्यंत तो हक्काने बसू शकत होता. मेहुण्याने पानं वाटली, टेलरबाईने चष्मा पुसला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. दारातून बायकोची पाठ दिसत होती. ती या टोकापासून त्या टोकाला चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. दाजीला इतकं वाईट वाटलं की पानं उचलायचंही सुचेना. आता हरायचं आणि तिच्याकडे जायचं, त्याने ठरवलं. न बघताच त्याने सगळी बटणं पुढे ढकलली.

"छे छे," मेहुण्याने पानं फेकली. "ज्याने सख्ख्या बायकोला उठवलं, तो मला सोडणार आहे का?"

टेलरबाईनेही टाकली. डावाच्या सुरुवातीला ठेवलेलं त्यांचं एकेक बटण दाजीकडे आलं. पुढच्या डावात त्याने पुन्हा सगळं लावलं, दोघांनी पुन्हा पानं टाकली. ढीग कमी व्हायचं सोडून वाढतच चालला.

"अरे, बघा ना कोणीतरी!" दाजी काकुळतीला आला. "खरंच काही नाहीये माझ्याकडे!"

मेहुण्याने मांडीवर थाप मारली. "बाई, ऐकलंत? दाजी थापाही मारायला शिकले!"

बायको दारात आली. "मी घरी जाते," ती म्हणाली. "तुम्ही या सावकाश."

"थांब, आलोच!" दाजी ओरडला आणि पुन्हा सगळं पुढे केलं. टेलरबाई बराच वेळ विचार करत बसली. दाजी तिच्याकडे आशेने बघत राहिला. जिन्यावर चपलांचा आवाज झाला, मग खालच्या दाराचा.

"नको बाई," टेलरबाई म्हणाली आणि तिने पानं टाकली.