म्हाताऱ्याचं वकीलपत्र

आमच्याकडे रविवारी कादंबरीवर चर्चा होत नाही, भांडण होतं. ही पद्धत माझीच. एम.ए. मराठीची मुलं वर्गात गाईडमधली वाक्यं धडाधड म्हणायची. कुठलंही पुस्तक काढा, ते 'समाजाचा आरसा' असायचंच. ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं आणि राजूरच्या माझ्या घरी मी रविवारची बैठक सुरू केली. एका रविवारी जुनं पुस्तक, पुढच्या रविवारी आजकालचं. जो 'आरसा' म्हणेल त्याने सगळ्यांना भजी खाऊ घालायची.

दुसरा नियम वकीलपत्राचा. पात्रांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. ज्याला जे पात्र येईल, त्याचं वकीलपत्र त्याने घ्यायचं. पात्र कितीही नालायक असो, आपल्या पक्षकाराची बाजू सोडायची नाही, आणि पुरावा पुस्तकातलाच पाहिजे. सुरुवातीला मुलं लाजली. मग अशी काही तोंडं सुटली की शेजारच्या काकूंनी एकदा भिंतीवरून डोकावून विचारलं, "म्याडम, वाटणीचं भांडण चालू हाय का?"

हसनाबादकडच्या एका शेतकरी घरातली सून या बैठकीला यायची. वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारी. नवरा चाकणला कंपनीत, त्यामुळे तिला मोटारसायकलवर सासरे आणायचे. ते कधी आत आले नाहीत. ओट्यावर बसायचे, टोपी मांडीवर ठेवून चहा घ्यायचे आणि बैठक संपली की "चला" म्हणायचे. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी होऊन रस्ता बंद असला तर शेतातल्या वाटेने यायचे, पण खाडा नाही. आत चाललेला आमचा कालवा ऐकून त्यांना काय वाटत असेल, याचा मला कधी पत्ता लागला नाही. मला तो माणूस आवडायचा. म्हणूनच त्या रविवारी जास्त राग आला.

फाटकातच ते म्हणाले, "म्याडम, हिचा हा शेवटचा आइतवार. कापूस फुटलाय, घरचं माणूस लागतंय. अन् ते परीक्षेचंबी आता ऱ्हाऊ द्या. शिकली तेवढी लई झाली."

ती मागे मान खाली घालून उभी होती. मी म्हटलं, "अहो दादा, कापूस काय दर वर्षी फुटतो. परीक्षा तोंडावर आली आणि आता बंद करता?"

"तुमचं बराबर हाय," ते नम्रपणे म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. या 'बराबर हाय'पुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. मी पाय आपटत आत गेले. हे बोलणं मुलांनी ऐकलंच होतं; घर ते केवढं!

त्या दिवशी पाळी जुन्या कादंबरीची होती. तिच्यात एक खडूस म्हातारा आहे. सुनेला शिकवायला घरी मास्तर येतात. एक दिवस म्हातारा मास्तरांना दारातूनच परतवून लावतो आणि तिची पुस्तकं पेटीत टाकून कुलूप घालतो. डबा फिरला, आणि योग बघा, म्हाताऱ्याची चिठ्ठी नेमकी आमच्या हसनाबादच्या सुनेला आली. मी म्हटलं, "बदलून घे."

"न्हाई म्याडम, आलं ते आलं."

कादंबरीतल्या सुनेचं वकीलपत्र अंकुशनगरच्या एका मुलाकडे गेलं. त्याने म्हाताऱ्याला उभा-आडवा सोलला. मधूनमधून आवाज मुद्दाम ओट्याकडे फेकत होता. मी डोळे वटारले, पण खरं सांगायचं तर मनातून म्हणत होते, घाल अजून दोन.

मग ती उठली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझा पक्षकार वाईट न्हाई. तो थकलाय. सुनेला शिकवतो म्हणून गाव त्याला हसतं. पाराजवळून गेला की लोक म्हणतेत, आला बघा सुनेचा ड्रायव्हर. तो कुणाला काही बोलत न्हाई. घरी येतो, हातपाय धुतो, जेवतो, अन् पुढच्या आइतवारी परत गाडी काढतो. एका माणसानं किती दिवस गिळायचं?"

"पण पुस्तकात मोटारसायकल..." अंकुशनगरचा मुलगा म्हणाला आणि मधेच थांबला. नियमाप्रमाणे मी तिला अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही.

सासरे दारात येऊन उभे होते. टोपी हातात. "तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई, मामा. गाडीवर मागं मीच असते ना. ऐकू येतं."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मग आम्हा सगळ्यांना म्हणाले, "लोक हसतेत ते खरं हाय. पर हसनार लोक, अन् कुलूप पोरीच्या पुस्तकाला? ह्यो कुठला न्याय? त्या म्हाताऱ्याचं चुकलं."

"न्हाई चुकलं," ती म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पक्षकाराची बाजू ती सोडेना. "त्याचं बराबर होतं, मामा."

"काय बराबर? बिलकुल न्हाई!"

"त्यानं लई सोसलं."

"सोसलं ना? एवढं सोसलं, मंग शेवटाला कामून भ्याला?"

तिने सासऱ्यांना आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नसेल. पहिल्यांदा दिलं, तेही त्यांच्याच बाजूने. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अंकुशनगरच्या वकिलाचा खटला सासऱ्यांनीच जिंकून दिला होता. हिने हे ठरवून केलं का, असं मुलांनी मला नंतर विचारलं. मला नाही तसं वाटत. तिला त्यांची खरंच कणव होती, आणि ती कणव तोंडाने बोलून दाखवायची राहून गेली होती.

निघताना ती गाडीवर मागे बसली. किक मारायच्या आधी ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कापसाचं मी पाह्यतो. अन् म्याडम, पुढच्या आइतवारी हिला पुस्तकातल्या त्या सुनेचं वकीलपत्र द्या."

पुढच्या रविवारी खरं तर नव्या पुस्तकाची पाळी होती, मुलांनी ते वाचूनही ठेवलं होतं. मी "देते" म्हटलं आणि आत येऊन सांगितलं की जुनीच कादंबरी पुन्हा घ्यायची आहे.