तिसऱ्या बेसजवळची मेख

आमच्या मैदानावर बेसबॉलआधी मुली ओळ धरून चालतात आणि खिळे वेचतात. मैदान खेळाचं ते फक्त पाटीवर. एरवी तिथे सेल, प्रदर्शनं, लग्नं. मंडपवाले जातात, लोखंड मागे राहतं.

त्या सकाळी तिसऱ्या बेसच्या वाटेवर मंडपाची एक मेख मुरुमात मोडून रुतलेली सापडली. टोक जरासं वर. काही केल्या निघेना. तिसरा बेस सांभाळते माझी धाकटी बहीण. तिने पंचांना दाखवली. त्यांनी बुटाने माती लोटली. "गेली ना? दुपारी पुन्हा मंडपवाले येतायत. चला, आटपा."

मैदान खेळाला परत द्या, म्हणून मी फाटकाशी वाटलेली पत्रकं लोक बुडाखाली घेऊन बसले होते. त्यांना कळतं क्रिकेट. आमच्या पिचरने चेंडू टाकला की, "फेकी आहे ही! नो बॉल द्या!" तिने ओळीने दोघींना बाद केलं, तेव्हा तीच माणसं उभी. "फेक गं! अजून जोरात!"

पाहुण्यांची एक चपळ मुलगी दुसऱ्या बेसवर होती. पिचरची पाठ वळली की पुढे सरकायची, मागे यायची.

"ए ताई, बस चुकेल!"

"नाय पळत ती, भ्यायली!"

ती तिसऱ्या बेसकडे पळाली. बहीण ओरडली, "घसरू नको! उभी ये!"

"फसवतेय तिला," माझ्या मागचे काका खूश होऊन म्हणाले. सगळं मैदान ओरडायला लागलं, "घसर! घसर!"

मुलीलाही ती फसवणूकच वाटली असणार. बेस गाठायला तिने जमिनीवर अंग झोकून दिलं.

बहिणीने चेंडूकडे पाहिलंच नाही. मेखेवर पाय रोवून आडवी उभी राहिली. मुलगी तिच्या नडगीवर आदळली.

"चीटिंग! बाहेर काढा हिला!"

पंचांनी मुलीला बेस दिला, बहिणीला तंबी दिली, आणि पुन्हा बुटाने माती लोटली. "मेख आहे तिथे, खेळ थांबवा!" मी जाळीला धरून ओरडत होते.

"मॅडम, वाचलं तुमचं पत्रक," काका म्हणाले. "बसा आता. दिसत नाही आम्हाला."

पिचरने पुढचीला बाद केलं. टाळ्या. बाजू बदलल्या. बहीण लंगडत बॅटिंगला आली, आणि फटका लांब गेला म्हणून कशीबशी दुसऱ्या बेसवर पोचली.

त्या पायाने तिसरा बेस उभ्याने गाठणं शक्य नव्हतं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. माझ्या मागे काका उठून उभे राहिले, मग त्यांची रांग, मग सगळेच.

"घसर! घसर!"

बहिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल पुढे सरकली.